नानीच्या चेहऱ्यावरची पेन्सिल

आमच्या स्टुडिओत लग्नासाठी फोटो काढायला मुलगी आली की ती स्टुलावर बसायच्या आधीच तिची आई काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगायची, "जरा उजळ करा हं." हे वाक्य मी सहा वर्षं ऐकलं. अंधेरी पूर्वेला, स्टेशनपासून थोडं आत, एका चिंचोळ्या गाळ्यात तो स्टुडिओ होता. फोटो शेठ काढायचे. उजळ करायचं काम माझं.

आता हे काम कोणाला समजावून सांगावं लागतं. काळ्या-पांढऱ्या फोटोची निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवायची, मागून उजेड सोडायचा. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. काळे केस तिथे पांढरे, आणि काळा चेहरा पातळ, आरपार दिसणारा. त्या पातळ जागेवर लांब टोक काढलेल्या कडक पेन्सिलीने स्वल्पविरामाएवढ्या बारीक रेघा भरत जायचं. जितकी पेन्सिल जास्त, तितका फोटो गोरा. आधी डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मग पुटकुळ्या, मग अख्खा चेहरा दोन शेड. शेठचा नियमच होता, कोणी सांगायची वाट बघायची नाही, चेहरा दिसला की पेन्सिल लावायची. संध्याकाळी मान अशी धरायची की बसमध्ये कंडक्टरला तिकिटाचे पैसे देतानाही मला अख्खं वळावं लागायचं.

आणि मी स्वतः काळी. सावळी वगैरे नाही, काळी. हा रंग माझ्या पाचवीलाच पुजलेला. आम्ही मूळचे मालवणकडचे, राहायला विक्रोळीच्या चाळीत. बाबा गिरणीत होते. संप झाला आणि ते घरी बसले ते बसलेच. घर माझ्या पेन्सिलीवर चालायचं, आणि तरी माझं लग्न व्हायला हवं याची घाई सगळ्यात जास्त बाबांनाच. स्थळांना पाठवायची माहिती ते सुंदर अक्षरात लिहायचे. त्यात 'वर्ण' या शब्दापुढे लिहायचे, निमगोरा. बरोबर जाणारा फोटो अर्थातच मीच उजळलेला. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, मी काय करतेय हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी ते मन लावून करत होते.

नऊ स्थळं येऊन गेली. नवव्या वेळी मुलाच्या मावशीने पर्समधून माझा फोटो काढला, माझ्या कानाशी धरला, एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "फोटो चुकून दुसरीचा आला वाटतं." सगळे हसले. आईसुद्धा हसली, आणि ते मला मावशीच्या बोलण्याहून जास्त लागलं. शेजारच्या काकू नंतर म्हणाल्या, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. माझं नाक चांगलं सरळ आहे, पण म्हणीला त्याचं काय.

त्या मे महिन्यात दहावं स्थळ आलं, गोरेगावचं. बाबा म्हणाले, "आयतवारपर्यंत फोटो धाडूचो हा. नवो काढून घे, आणि जरा बरो कर." मला नाही म्हणायचं होतं. अगदी मनापासून नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही अंगात थोडं बळ लागतं, आणि ते माझ्याकडे उरलं नव्हतं. मी बरं म्हटलं आणि बस पकडली.

त्याच आठवड्यात ती मुलं स्टुडिओत आली. आफ्रिकेतली, इथे कॉलेजात शिकणारी, पाचजण. कोणी केनियाचा, कोणी टांझानियाचा, कोणी सुदानचा. अंधेरीत त्या काळात अशी बरीच मुलं भाड्याने राहायची आणि सोसायट्या त्यांना टिकू द्यायच्या नाहीत. रस्त्याने ती निघाली की पोरं मागून 'हबशी, हबशी' ओरडायची. ही पाचही जणं चित्रं काढायची. शाळेला सुट्टी होती म्हणून एका शाळेचा हॉल त्यांना तीन दिवसांसाठी मिळाला होता, आणि तिथे ते आपल्या माणसांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडणार होते. वर्तमानपत्रात द्यायला आणि घरी पाठवायला त्यांना सहा चित्रांचे फोटो हवे होते.

एक गोष्ट कबूल करते, कारण इतक्या वर्षांनी लपवून काय मिळणार. ती मुलं दारातून आत आली तेव्हा मला पहिल्यांदा जे वाटलं ते असं, की चला, या गाळ्यात आज माझ्याहून काळं कोणीतरी आहे. मला बरं वाटलं होतं. त्याची लाज मला नंतर वाटली, तेव्हा नाही.

शेठनी चित्रं भिंतीला टेकवून फोटो काढले. लग्नसराई ऐन भरात होती. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर निगेटिव्हचा ढीग होता आणि त्यात या सहा होत्या. मी एकेक उचलत गेले. चेहरा, पेन्सिल. चेहरा, पेन्सिल. चित्राच्या फोटोवर काही करायचं नसतं, जसं आहे तसं छापायचं असतं, हे नवशिक्यालाही कळतं. मला कळलं नाही. माझ्या हाताला चेहरा दिसला आणि हात चालू लागला. सहाही जणांच्या डोळ्यांखालचं काळं मी काढलं, गाल उजळले, कपाळ उजळलं, प्रिंट काढले, वाळवले आणि पाकिटात घातले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांच्यातली एक मुलगी पाकीट न्यायला आली. उंच, केसांच्या बारीक वेण्या घातलेली, नर्सिंग शिकत होती. तिने पाकीट काउंटरवरच उघडलं. तिसरा फोटो तिने बराच वेळ हातात धरला. मग मला दाखवून तोडक्या हिंदीत विचारलं, "ये कौन है?"

मी म्हटलं, "आपका पेंटिंग."

"पेंटिंग में मेरी नानी है," ती म्हणाली. "ये मेरी नानी नहीं है. किसी और की नानी है."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण ती अशी बोलली की जणू हे कुठेतरी होणारच होतं, फक्त कुठल्या दुकानात होईल तेवढं तिला माहीत नव्हतं. तो थकवा मी ओळखला. मीही त्या मुलाच्या मावशीसमोर पोह्यांचा ट्रे धरून तशीच उभी होते.

शेठ आतून आले, प्रिंट पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं. "अगं, पेंटिंगला कोण टच करतं? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, चूक माझी, दुपारपर्यंत सगळे नवे काढून देते. त्या मुलीला बसायला स्टूल दिलं. ती गेली नाही, बसून राहिली, बहुधा विश्वास उरला नसावा.

पेन्सिल पुसता येते. निगेटिव्हवर आधी एक पातळ लेप लावलेला असतो, पेन्सिल त्यावरच धरते. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने तो लेप पुसला की पेन्सिलही जाते. सहा वर्षांत मी रोज लेप लावला होता, पण पुसला मात्र कधीच नव्हता. नानीच्या कपाळावरून बोळा फिरवला आणि माझी कालची अख्खी मेहनत कापसावर राखाडी होऊन आली. खाली चेहरा निघाला. सुरकुत्या, गालावरचा एक व्रण, डोळ्यांखाली खोल सावली. मी सहाही पुसल्या. एवढ्या वेळात ती मुलगी माझ्याकडे बघत होती. एकदाच तिने विचारलं, "तुम्हारा फोटो कौन बनाता है?"

"मैं ही," मी म्हटलं.

ती हसली नाही. प्रिंट वाळल्यावर तिने एकेक निरखून पाहिले, नानीचा सगळ्यात शेवटी, आणि म्हणाली, कल आना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गेले. शाळेच्या हॉलमध्ये बाकं एका बाजूला रचलेली होती आणि दोऱ्या बांधून चित्रं लावली होती. बघायला पंधरा-वीस माणसं, निम्मी त्यांचेच मित्र. शाळेचा शिपाई प्रत्येक चित्रासमोर हात मागे बांधून तपासणीला आल्यासारखा उभा राहत होता. मला चित्रातलं काही कळत नाही. पण तिथे नुसती माणसं होती आणि सगळी काळी होती. एक न्हावी दाढी करत होता. दोन बहिणी एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. एक लग्न होतं, त्यातली नवरी माझ्याच रंगाची, आणि तिच्याभोवतीची माणसं नाचत होती. कोणीही कोणाचा फोटो तिच्या कानाशी धरलेला नव्हता. नानी हिरवी केळी सोलत बसली होती, आमच्याकडे माडाखाली बसतात तशी. ती कोणाला आवडावी म्हणून बसली नव्हती. तिला केळी सोलायची होती. मी त्या चित्रासमोर माझी अर्धी सुट्टी घालवली आणि डबा न खाता परतले.

मला त्यातून काही मोठं बळ आलं असं मी म्हणणार नाही. कंटाळा आला, एवढंच. आयुष्यभर पुरेल इतका, उजळण्याचा कंटाळा आला. शनिवारी शेठना म्हटलं, माझा एक फोटो काढा. निगेटिव्ह टेबलावर घेतलीच नाही, तशीच छापायला नेली. शेठनी पाहिलं. "टच नाही करत?" मी नको म्हटलं. "तुझी मर्जी," ते म्हणाले, "पण मग बोंबलू नकोस."

रस्ताभर बसमध्ये मी भांडणाची तयारी केली. ते काळी म्हणतील, तर मी काय म्हणेन. स्थळ हातचं जाईल म्हणतील, तर काय. सगळी उत्तरं जुळवून चाळीचा जिना चढले. बाबा पाकीट आणि माहितीचा कागद घेऊन वाटच बघत होते. मी उभ्या उभ्याच फोटो त्यांच्या हातात दिला. आई खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "हा असा पाठवायचा?"

बाबा चष्मा लावून फोटो खिडकीपाशी घेऊन गेले. किती वेळ तरी बघत राहिले. नऊ वेळा त्यांनी माझा फोटो पाकिटात घातला होता, पण माझा चेहरा असा त्यांनी कधी पाहिला नसावा. मग फोटोवरून नजर न काढता म्हणाले, "चेडवा, किती दमलंस गो."

रंगासाठी माझ्याकडे सगळी उत्तरं होती. "हो बाबा, दमलेय," म्हटलं, आणि दारातच, चपला न काढता, खाली बसले.