हळदीच्या बोटांनी खोडलेलं नाव

धन्यकुमार अण्णा सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांनी तपासलेलं हस्तलिखित लांबूनच ओळखू यायचं. पानापानाच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा. पेठेतल्या छापखान्याचा मालक त्यांचा मावसभाऊ. अण्णांची पेन्सिल फिरल्याशिवाय तो कुणाच्या पुस्तकाला हात लावत नसे.

मी आटपाडीचा, चौथी नापास. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता जे बघितलं ते लिहून काढलं आणि दोन वर्षांनी ती चळत अण्णांच्या पुढ्यात नेऊन आपटली.

पुन्हा गेलो ते भांडायच्या तयारीनंच. शिव्यांना कात्री लागणार, हे धरून चाललो होतो. तर शिव्या जाग्यावर!

"शिव्या चांगल्या आहेत," अण्णा म्हणाले. "गुळमुळीत केल्या तर मुकादमाला लागायच्या नाहीत."

मग त्यांनी पान उलटलं. राहीबाईचं नाव जिथं जिथं होतं तिथं पेन्सिलीची आडवी रेघ, आणि वर लिहिलेलं, 'एक बाई'.

माझं डोकं फिरलं. राहीबाई म्हणजे पुस्तकाचा कणा. खडीच्या कामावर पाण्याचा टँकर आला आणि मुकादमानं तो साहेबाच्या तंबूकडं वळवला, तेव्हा ही बाई चाकापुढं आडवी झाली. पोराबाळांना पाणी मिळाल्यावरच उठली.

"अण्णा, सरकारनं आमाला 'एक बाई, एक बाप्या' म्हणूनच मोजलं. आता तुमीबी?"

"ती अजून त्याच मुकादमाच्या हाताखाली रोजगार हमीवर जाते ना?" अण्णांचा आवाज कधी चढत नसे. "पुस्तक निघालं की हार तुमच्या गळ्यात. हजेरी तिची कापतील."

"भिणाऱ्यांनी हळद विकावी!" मी चळत उचलली.

"आणि तापट माणसानं स्वतःच्या जिवावर तापावं," मागून आलं.

ते मला लय झोंबलं. पुस्तक तसंच फडक्यात पडून राहिलं.

अनंत चतुर्दशी झाली की जैनांची क्षमावाणी असते. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागायची. लोक शेजारीपाजारी उरकतात. अण्णा एसटीनं धुरळा खात आटपाडीला आले आणि माझ्या दारात हात जोडून उभे राहिले.

"उत्तम क्षमा, आकाराम. तुम्हाला टोचून बोललो."

मी विरघळलो. "म्हंजे नाव ठेवायचं?"

"छे! क्षमा बोलण्याची मागितली, पेन्सिलीची नाही."

हसावं की हाणावं कळेना. "चला, तिलाच इचारू," मी म्हणालो आणि चळतीचं फडकं काखोटीला मारलं.

अण्णा चमकले. "अजून विचारलं नाहीत?"

"तुमी तरी कुठं इचारलंत?"

राहीबाई दारात जोंधळा पाखडत होती. अण्णांनी तिथंच बसून तिच्यावरची पानं वाचली. 'ढसाढसा रडत ती आडवी झाली' हे आलं आणि तिचं सूप थांबलं.

"कोण रडलं? त्वांडात थुकी न्हवती, डोळ्यात पाणी कुठनं येतंय? ह्यो आकाराम रडला आसंल, लांब हुबा ऱ्हाऊन. काढा ते."

अण्णांनी रेघ मारली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आन 'एक बाई' कोण?"

अण्णांनी मुकादमाची भीती समजावून सांगितली.

"आवं अण्णा, त्यो मला रोज बघतोय. चाकापुढं कोण हुतं ते त्याला ठावं हाय. ठावं न्हाई ते दुसऱ्यास्नी. लेकीच्या सासरला मला खडीवाली म्हणत्यात. माझं नाव लिवा. मालकाचं मागं लावू नगा, त्यो टँकरम्होरं न्हवता."

ती आत गेली आणि ताटलीत दूध-भाकरी घेऊन आली. "घ्या. दिवस बुडाल्यावर तुमाला खायाला चालत न्हाई."

दिवस माळाला टेकला होता. अण्णांनी ताटली बाजूला सरकवली, खिशातून खोडरबर काढलं आणि पहिल्या पानापासून पेन्सिल पुसायला घेतली. रेघ गेली की खालचं शाईतलं नाव वर यायचं.

"आधी खावा की," मी म्हणालो. "नाव काय पळून जातंय?"

"एकदा घालवलंय मी," अण्णा म्हणाले आणि पुढचं पान घेतलं.

शेवटचं नाव मोकळं झालं तेव्हा माळावर नुसती तांबूस कड उरली होती. अण्णांनी हात जोडले. "उत्तम क्षमा, राहीबाई."

राहीबाईनं भरली ताटली उचलली. "नावाचा राग न्हाई, अण्णा. दारातनं उपाशी चाललासा, त्येचा हाय."