चार बोटं पाणी

लग्न होऊन पुंडलिकनगरात आले तेव्हापासून मला एका जागी बसवत नसे. मी खाडीकाठी वाढलेली. इथली कोरडी हवा अंगाला टोचायची. कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना तर जीव आणखी कासावीस व्हायचा. समुद्रातला मासा सांगा म्हटलं, तर मुलं जायकवाडीतला रोहू सांगत.

म्हणून दिवाळीनंतर माहेराहून येताना एक जिवंत निवटी आणली, किटलीत, खाडीच्या चिखलासकट. निवटी म्हणजे बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर बटबटीत. भरतीला बिळात शिरते, ओहोटीला चिखलावर येऊन पुढच्या परांनी रेटत चालते. कल्ल्यांत पाणी धरून ठेवते, ओल्या कातडीतून हवा घेते. पाण्याइतकीच उघडी हवा लागते तिला.

काचेच्या पेटीत चिखलाचा उतार केला आणि कोपऱ्यात चार बोटं खारं पाणी ठेवलं. सोमवारी ती वर्गात न्यायची होती. तोवर जगेल का, या धास्तीनं मी सारखी उठून बघे. नवरा म्हणाला, तुझ्यापेक्षा तीच निवांत बसते.

सासूबाई तिकडं फिरकत नसत. घरात मासळी चालत नव्हती, आणि मी तर जिवंतच आणून ठेवलेली. त्या पेटीला वळसा घालून जात. त्यांना काही समजावून सांगावं असं मला वाटलंच नाही.

शनिवारी नळ आला. आठवड्यातून एकदाच यायचा. मी कॉलेजातून परतले तर पेटी काठोकाठ भरलेली, वर ताट, ताटावर वरवंटा. निवटी ताटाखाली उलटी तरंगत होती.

संतापानं मी वरवंटा उचलून फरशीवर आदळला. सासूबाई बाहेर आल्या.

"चार बोटं पाण्यात जीव कसा ऱ्हाईल गं? पिण्याच्या हंड्यातलं वतलं म्या. उडी मारून बाहेर पडू नये म्हून ताट ठिवलं."

स्वयंपाकघरात हंडा अर्धा झाला होता. आता पुढच्या नळापर्यंत त्यावरच भागवायचं होतं. संताप कुठं न्यावा ते कळेना. मी नुसती घरभर फिरत राहिले.

सासूबाई पहिल्यांदाच पेटीजवळ बसल्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "तरी बी पाणी कमीच पडलं का तिला?"

"नाही आई," मी म्हणाले. "पाणी भरपूर होतं."