सुनीलच्या निरोपाची बिअर

एखादं काम पहिल्या फटक्यात नीट जमलं की त्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही. आम्ही घरी बिअर केली, त्यामुळं आमच्याकडं किस्सेच किस्से!

कारण तसं हळवं होतं. आमचा सुनील नोकरीसाठी पुण्याला निघाला होता. पुण्याला गेलेला दोस्त फक्त लग्नाकार्याला भेटतो, हा आमचा अनुभव. म्हणून आमच्यातल्या मास्तरानं, प्रशांतनं जाहीर केलं, "निरोप द्यायचा तो घरच्या बिअरनं. तीही थेट सातूच्या दाण्यापासून!"

*

मोड आणून भाजलेले सातू त्यानं कुठून तरी मागवले आणि भरडायला बायपासच्या गिरणीत नेले.

"भाकरीसारखं बारीक करू?" गिरणीवाल्या मामांनी विचारलं.

"नाय, नुसता भरडा."

"म्हशीला का?"

आता काय सांगणार! "व्हय," प्रशांत म्हणाला.

मामा अजून त्याला भर रस्त्यात थांबवतात, "काय सर, वाढलं का दूध?"

*

प्रयोग आमच्या घरी. आईला सांगितलं, मुतखड्यावरचं औषध आहे.

"मुतखडा कोणाला?"

सगळ्यांनी सुनीलकडं बोट केलं. तेव्हापासून तो आला की आई त्याच्यापुढं तांब्याभर पाणी ठेवून ते संपेपर्यंत उभी राहायची. त्या वर्षी दुष्काळ होता; पाण्याचा एवढा मान जावयालाही नव्हता!

*

आमच्या नव्या सोसायटीत लिफ्ट आली होती, पाइपलाइन यायची होती. भरड गरम पाण्यात घालून तासभर एकाच तापमानाला ठेवायची असते. प्रशांत थर्मामीटर धरून बसला, तेवढ्यात खालून आरोळी आली, "टँकर आलाऽऽ!"

झालं! शास्त्र ओट्यावर सोडून तिघंही बादल्या घेऊन पळालो. परत येतो तर पातेलं गायब. आईनं ते गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं होतं.

"दह्याला ठेवते तसं ठेवलंय," ती म्हणाली.

प्रशांतनं थर्मामीटर बुडवला. तासाभरानंतरही काटा आधीच्याच आकड्यावर होता!

*

पुढं ते पाणी गाळून, उकळून झटकन गार करायचं होतं. क्रांती चौकाजवळ फ्रिज दुरुस्त करणारा आमचा सलीम स्वतः थेंब घेत नाही, पण दोस्तीखातर त्यानं तांब्याच्या नळीची झकास कॉइल करून आणली आणि पातेल्यात बुडवली.

"अब नल को जोडो, पानी छोडो."

"नल में पानी किधर? अगला टँकर गुरुवार को," मी म्हणालो.

सलीमनं वाफाळत्या पातेल्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं.

"तो गुरुवार तक फूँक मारते बैठो!"

*

शेवटी ते आपोआप गार झालं. यीस्ट घालून आम्ही ते ड्रममध्ये भरलं, तो ड्रम बाल्कनीतल्या पाण्याच्या ड्रमांच्या रांगेत लपवला आणि औषध सुनील घेऊन गेला असं आईला सांगितलं. रोज झाकणाला कान लावायचो. आतून बुडबुड ऐकू आली की जीव भांड्यात पडायचा.

सुनील निघायच्या दुपारी सगळे ग्लास घेऊन जमलो. ड्रम रिकामा, धुऊन पालथा घातलेला!

"आई, यातलं पाणी?"

"टँकरचं गढूळ पाणी ते! आंबल्यासारखा वास मारत होतं. पण या दिवसांत पाणी फेकवतं का? कूलरमध्ये ओतलं."

प्रशांत त्या पालथ्या ड्रमवरच बसला. मला तर रडूच यायला लागलं. सुनीलसाठी केलेली एक गोष्ट, तीही गेली!

हॉलमध्ये कूलर घरघरत होता. आयुष्यात सुपारीही न खाल्लेले आमचे बाबा त्याच्यासमोर डोळे मिटून बसले होते.

"आज हवा फार प्रसन्न सुटली आहे रे," ते म्हणाले.

सुनीलनं बॅग खाली ठेवली, बाबांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि एक लांब श्वास घेतला.

"काका, जरा सरका. पोरांनी लई मेहनतीनं केलीय!"