गंगारामचं पितळी बूच

तोंडवलीचा गंगाराम बारा वर्षं बोटीच्या इंजिनघरात तेलवाला होता. १९५८ साली घरी परतला तो एक खोड घेऊनच. काही ठिबकताना दिसलं की त्याला बसवत नसे. बायकोची, शेवंतीची, घागर पाझरली तर लाख लावून ती बुजवेपर्यंत त्याला जेवण जायचं नाही.

मालवणात बर्फाचा कारखाना निघाला तेव्हा मालक परशुरामशेटनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. बर्फ करायला अमोनिया लागतो, आणि अमोनियाच्या टाकीच्या तळाशी यंत्राचं तेल साचतं. ते दर आठवड्याला काढायला खाली एक वॉल्व्ह, तिथल्या बोलीत वाल, असतो. वॉल्व्ह कितीही आवळा, आत कचऱ्याचा एक कण अडकला की तो पाझरणारच. म्हणून त्याच्या तोंडाला आट्यांचं बूच घट्ट बसवायचं. साधी गोष्ट, पण निम्म्या लोकांना तेवढाही कंटाळा. गंगाराम मात्र बूच लावायचा, वर गंधकाची बत्ती पेटवून फिरवायचा. गळतीचा पांढरा धूर उठला नाही, की मगच विडी ओढायला बाहेर.

त्याच्या हाताखाली आचऱ्याचा सत्यवान होता. तिशीचा, लग्न झालेला, तोंडाळ.

"गंगाकाका, तुमी बायलेपेक्षा बुचाक जपतास."

"बायल गळणा नाय रे. वाल गळता."

अडचण एकच. खाऱ्या हवेत लोखंडी बूच एका पावसाळ्यात गंजायचं, आटे धरायचे, पाना घसरायचा. यंत्र बसवायला आलेल्या मुंबईच्या फिटरनं बजावलं होतं, गंजलं तर बदला पण लोखंडच लावा. अमोनिया पितळ खातो. गंगारामला हसू आलं होतं. "बोटीर बारा वर्सां समुद्रान पितळ खाल्ल्यान नाय, आणि ह्यो वास खातलो?"

आता याला काय म्हणावं! माणूस अडाणी असता तर एक वेळ फिटरचं ऐकलं असतं. त्याला पितळ माहीत होतं, हीच पंचाईत. १९६३ च्या दिवाळीनंतर त्यानं कुडाळच्या लेथवाल्याकडून पितळेचं बूच कातून आणलं. पाना लावला की लोण्यासारखं फिरायचं. शेटसुद्धा खूश.

पुढच्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर, होड्या पाण्यात उतरल्या त्या आठवड्यात, सत्यवान सकाळी तेल काढायला बसला. रीतीप्रमाणे वॉल्व्ह बंद आहे ना, हे त्यानं आधी हातानं पाहिलं आणि बुचाला पाना लावला. खट् असा आवाज झाला. बूच मध्येच तुटलं, आणि कोंडलेला अमोनिया तेलासकट त्याच्या तोंडावर उडाला.

गंगाराम तोंडाला ओलं गोणपाट बांधून धावला. वॉल्व्हचं चाक आवळायला गेला, तर ते तसूभर हलेना. सत्यवाननं ते पुरतं बंद केलेलं होतं. गळत होतं ते आतून. टाकीजवळचा वरचा दुसरा वॉल्व्ह बंद करून त्यानं सत्यवानला हौदाशी ओढत नेलं, डोळ्यांवर पाणी ओतत राहिला. परत आल्यावर बुचाचा तुकडा उचलला. फुटलेली कड पुरती पिवळी नव्हती. अर्ध्याहून जास्त काळवंडलेली, म्हणजे चीर जुनी होती. तुकडा त्यानं खिशात घातला.

शेट नाकाला रुमाल लावून दारातूनच ओरडले, "तेणा वाल उघडो ठेवल्यान मां?"

गंगारामनं मान खाली घातली. शेटनी ती होकाराची समजली, आणि त्यानं समजू दिली.

सत्यवानचे दोन्ही डोळे गेले. बाजारात एकच बोलणं: वाल उघडो ठेवल्यान आणि आपलेच डोळे घालवल्यान. अकरा दिवस गंगाराम कामावर जात होता आणि गप्प होता. बाराव्या दिवशी सदरा धुताना शेवंतीला तो तुकडा सापडला. तिनं विचारलं, आणि त्यानं सगळं सांगितलं.

"मगे घरात बसलास कित्याक?" ती म्हणाली. "जावा."

शेटनी ऐकून घेतलं. "आता बोलान तेचे डोळे येतले?"

"येवचे नाय. पण शेटनू, वाल बंद होतो."

"मगे तू उद्यापासून येव नको."

तिथून तो चालत आचऱ्याला गेला. सत्यवानची बायको काशीबाई पडवीत तांदूळ निवडत होती, तिनं वर पाहिलं नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेला सत्यवान भिंतीला टेकून बसला होता. गंगारामनं आडपडदा न ठेवता सांगितलं. बूच माझं, चूक माझी, तुझा वॉल्व्ह बंद होता.

सत्यवाननं उजवा हात पुढे करून हवेत चाक आवळल्यासारखं मनगट फिरवलं.

"अकरा दिस मी ह्यांच करतंय, काका. बंद केलंय की नाय? आदी आठवत होता, केलंय म्हणान. मगे सगळे बोलाक लागले. परवापासून माका आठवता तो उघडो वालच."

"बंद होतो रे. माझ्या हाताक हललो नाय."

"तुमका तवाच कळला?"

"हय."

"त्याच घडयेक?"

"हय."

सत्यवानचा हात मांडीवर पडला. "काशी," तो म्हणाला, "तू आयकलंस मां? आता ह्येंका वाटेक लाव."

काशीबाई सूप खाली ठेवून उठली. तिला काही बोलावं लागलं नाही. गंगाराम आधीच पायरी उतरला होता.