सर्टिफिकेट माझ्याकडे होतं

हे मी अजून कुणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, बहिणीपुढे नाही. मार्कंड्याच्या महादेवापुढे हात जोडले तेव्हाही मुलीची परीक्षा आणि सासूबाईंचे गुडघे एवढंच बोलले, हे तेवढं मागे ठेवलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तर — तर असो. आता तोंड उघडलंच आहे.

गोष्ट ऐकायला इतकी किरकोळ की तुम्ही म्हणाल, एवढंच? एका वेबसाइटच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. कुणी मेलं नाही, कुणाचं घर बुडालं नाही. मीही स्वतःला हेच समजावत आले. मग दर उपासाला शिंगाड्याचं पीठ मळताना माझा हात का अडखळतो?

ते पीठ मोठ्या मायच्या घरचं असतं. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं गाव आरमोरीकडचं, आणि घरं सगळी तळ्यावर जगणारी — मासोळी आणि शिंगाडा. डोंग्यात बसून पाण्यातल्या वेली उचलायच्या, काटे चुकवत शिंगाडे तोडायचे, उकडून बाजारात न्यायचे, उरलेले वाळवून दळायचे. मोठ्या मायची बोटं त्या कामाने काळी पडलेली. मला कम्प्युटरच्या क्लासला घालायचं म्हणून तीच माझ्या बापाशी भांडली होती. दोन दिवस तिने त्याला भाजी वाढली नाही, नुसता भात वाढला. तिसऱ्या दिवशी बाप कबूल झाला. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. पुढचं ऐकताना ते तुमच्या लक्षात राहायला हवं.

लग्नानंतर मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आले. नवरा विजेच्या प्लांटमध्ये शिफ्टला जातो, मी घरी बसून लोकांच्या धंद्याची पेजेस आणि वेबसाइटी बनवते. कपड्यांचं दुकान, लग्नाचं लॉन, ब्युटी पार्लर, जे येईल ते. मोठ्या मायच्या बचत गटाने शिंगाड्याचं पीठ विकायचं ठरवलं तेव्हा मीच उडी मारून पुढे झाले. सोशल मीडियावर गटाचं पेज काढलं. त्यावरचं ऑर्डरचं बटण दाबलं की एक छोटी वेबसाइट उघडायची, तिथे नाव-पत्ता भरायचा. ती सगळी व्यवस्था माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर होती. गटाकडे एकच मोठा फोन, तो मोठ्या मायकडे. तिचं काम फोटो काढायचं.

फोटो तिने चारच काढले असतील. मग तिला बोलायचा नाद लागला. तळ्याच्या पाळीवर उभी राहून, फोन तोंडाच्या इतका जवळ धरून की अर्धा चेहरा कापला जायचा, ती सांगायची — पाहा बाई, हा शिंगाडा आज तोडला, हा असा सोलाचा, काटा लागला तं बोंबलाचं नाई. आणि लोक खुळावले! नागपूर, पुण्याकडच्या बायका तिला लिहायच्या, मावशी आज नाही बोललात? मी तासन्तास बसून सजवलेलं पेज कुणी बघत नव्हतं. मत्सर वाटला का? वाटला. थोडा वाटला. आपण रांधावं आणि वाढणारीचं कौतुक व्हावं, तसं काहीसं.

आता ते सर्टिफिकेट. प्रत्येक वेबसाइटला एक लागतं. ही जागा खरोखर तिच्याच मालकाची आहे, इथे भरलेला पत्ता मधल्यामध्ये कुणी वाचणार नाही, याची ती हमी. ते असलं की सगळं सुरळीत उघडतं. गाडीच्या पीयूसीसारखी त्यालाही मुदत असते. मुदत संपली तरी गाडी तीच, इंजिन तेच, फक्त कागद जुना झालेला. पण वेबसाइटचा कागद जुना झाला की फोन तो शांतपणे सांगत नाही. लाल खूण दाखवतो आणि खाली लिहितो की तुमची माहिती चोरली जाऊ शकते.

मुदत संपत आल्याची पत्रं मला ईमेलवर आली होती. एक नाही, तीन. मी विसरले, असं मी बरेच दिवस स्वतःशी म्हणत होते. विसरले नव्हते. तिन्ही उघडली होती. उद्या करू म्हणून बंद केली. अर्ध्या तासाचं काम होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या महाशिवरात्रीला गटाने मार्कंड्याच्या जत्रेत दुकान लावलं. उपासाची गर्दी, शिंगाड्याला याहून चांगली जागा कुठली? मोठ्या मायने फ्लेक्स करवून घेतला होता — तिचा तो अर्धा कापलेला चेहरा, आणि शेजारी फोनने स्कॅन करायचा चौकोन. घरी गेल्यावरही मागवता यावं म्हणून. मीही सकाळच्या बसने पोचले. नवं लुगडं नेसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होती, आणि मला पाहून तिने सगळ्या बायांना सांगितलं, हे माही पोरगी, हिनंच केलं सगळं.

पहिल्या माणसाने फोन धरला. लाल पान उघडलं. दुसऱ्याचं तेच. तिसरे एक मास्तर होते, त्यांचा फोन मराठीत. त्यांनी ते सावकाश, मोठ्याने वाचून दाखवलं — वर्गात धडा वाचावा तसं. चोरी हा शब्द आल्यावर मागचं कुणीतरी हसलं आणि म्हणालं, चोरायचं दुकान हाय का बाप्पा हे? हातातलं पिठाचं पाकीट एका बाईने परत ठेवलं. वाईट म्हणजे अगदी हळूच ठेवलं, मोठ्या मायला लागू नये म्हणून.

मी माझ्या फोनवर बघितलं. मुदतीची तारीख कालची. मला सगळं कळलं. तिथल्या तिथे म्हणता आलं असतं, थांबा हो, यात चोरीबिरी काही नाही, माझ्याकडून एक कागद करायचा राहिला. एवढंच वाक्य! पण गटाच्या नऊ बाया माझ्याकडे बघत होत्या. ज्या माझ्या कौतुकात मी सकाळपासून न्हात होते ना, ते कौतुक माझ्याने खाली ठेववेना.

मोठी माय मला बाजूला, नदीकडे घेऊन गेली. तिचा आवाज बसला होता.

"पोरी, काल फोनमंदी काहीतरी आलं होतं. मले वाचता नाई आलं न मीनं हो म्हणून दाबलं. माह्याच हातानं तं नाई झालं हे?"

ते साधं अपडेट असणार. त्याचा आणि याचा काडीचा संबंध नव्हता. हे जगात त्या क्षणी एकट्या मला माहीत होतं.

"तसंच झालं असन, मोठी माय," मी म्हणाले.

सांगितलं मी. एका दमात सांगून टाकायचं ठरवलं होतं, तरी बघा किती वळसे घेतले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. त्या म्हणीत फाशी देणारा निदान तिसरा कुणी असतो. इथे चोरही मी होते. आणि ती? ती रागावली नाही, वाद घातला नाही. आपले दोन्ही हात तिने उलटसुलट करून पाहिले आणि लुगड्याला पुसले. मग एवढंच म्हणाली की बायांले नको सांगजो, पाया पडतो तुह्या. मी तिला वचन दिलं. वर तिच्या पाठीवरून हातही फिरवला.

त्या संध्याकाळी क्वार्टरमध्ये येऊन मी सर्टिफिकेट नवं केलं. चहा निवायच्या आत झालं. वेबसाइट पुन्हा चालू झाली, ऑर्डरी पुन्हा आल्या, गटाचं फारसं बिघडलं नाही. बिघडलं ते एकाच माणसाचं. मोठ्या मायने फोन गटाला परत केला. डोळ्यानं दिसत नाई म्हणाली. मच्छरदाणीच्या जाळीतला डास दिसतो तिला! पाळीवरचं तिचं बोलणं बंद झालं. पेजवर त्या बायका विचारत राहिल्या, मावशी कुठे आहेत, आणि मी गटाच्या नावाने उत्तर टाकत राहिले — मावशी सध्या कामात आहेत. हळूहळू विचारणं थांबलं. आता तिथे मी काढलेले पिठाचे फोटो असतात. स्वच्छ, सरळ, नीट कापलेले.

सांगायची संधी नव्हती असं नाही. दर दिवाळीला जाते, ती समोर असते. कितीदा ओठावर आलं. आता सांगून काय, तिला उगाच त्रास — असली शहाणी कारणं मला पटापट सुचतात. तुम्हालाही सुचतील. ती खरी नाहीत.

या दिवाळीत तिच्याकडे नवी सून होती. पोरगी हौशी. तिने फोनमध्ये शोधून सासूचा जुना व्हिडिओ काढला आणि विचारलं, आई, तुमी एवढं मस्त बोलत होत्या, बंद काऊन केलं? मोठ्या मायने माझ्याकडे पाहिलं. मग तिने सुनेला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच — ते लाल पान, तो मास्तर, तिचा अडाणी हात. मी तिथेच खाटेवर बसले होते.

"पर हे होती म्हणून माही लाज राह्यली," ती म्हणाली. "चार लोकांत हिनं माहं नाव नाई घेतलं. सख्खी पोरगी नसती करत एवढं."

तिचे डोळे भरून आले होते. सून माझ्याकडे आदराने बघत होती. तेव्हा तरी — तेव्हा तरी बोलायचं होतं.

"जाऊ दे ना व मोठी माय," मी म्हणाले. "चूक होतेच माणसाच्या हातानं."

तिने मान हलवली आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला. मी तो सोडवून घेतला नाही. सुनेने चहा आणला, तो प्याले, आणि दुपारच्या बसने ऊर्जानगरला परत आले.