चंद्रीची हाक

परवा परसातली जुनी काटेरी तार गुंडाळून ठेवली, तर गंजाचा वास बोटांना तसाच राहिला. साबणानेही जाईना. त्या वासासरशी मी अहेरीपलीकडच्या जंगलातल्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले. छप्पन साल असेल. माझं नुकतंच लग्न झालं होतं.

आमच्या म्हशी रानात चरायच्या. त्या माजावर आल्या, की रानरेडा कळपात यायचा. त्याची पारडी धट्टीकट्टी निघत, म्हणून कोणी त्याला हुसकत नसे. असे रेडे संपत चालले, त्यांना जपायचं, म्हणून सरकारने ते कुंपण घातलं. पण रेडा आत जाईना. मग आमची चंद्री म्हैस मी आत नेली. ती माझ्याच हाकेला चालायची. मागोमाग तो आला. फाटक लागलं, आणि चंद्रीला मी दुसऱ्या बाजूने बाहेर काढलं.

पुढे त्याला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा रेडा झाडीत दडलेला असायचा. "बाई, बोलाव न त्याले," जंगलखात्याचा नाकेदार म्हणायचा. चंद्रीला मारायची तीच हाक मी मारली, की तो धावत यायचा. लोक हसायचे. मीही हसायची. मला तो माझा मान वाटायचा.

एका दुपारी पाहुणे आले, तेव्हा चंद्री माझ्यासोबत होती. तिला पाहून रेडा थेट तारेवर धडकला. छाती फाटली. रक्त गाळत तो झाडीत जाऊन बसला.

"आता नोको बोलावू, पोरी. मरून जाईल तो," सासरे म्हणाले.

मागे उभ्या पाहुण्या बाईंना तो नीट दिसला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा हाक मारली.

तो उठून आला.