झबल्याच्या घडीतलं पाकीट

नागपुरात पाळणा हलला आणि आमचे मामासासरे तिथे पोहोचले नाहीत असं एक घर दाखवा, मी मिशी उतरवीन. त्यांची सारी नोकरी उमरेडकडच्या खेड्यांत कुटुंबनियोजनाचा प्रचार करण्यात गेली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण ते सरकारला कळलं, त्यांना नाही. बारशाला पिवळं झबलं आणणार आणि झबल्याच्या घडीत निरोधचं पाकीट. मग बाळाच्या बापाला कोपऱ्यात घेऊन सांगणार, "पहिल्याले चालाले तं लागू द्या, मंग दुसऱ्याचं पाहा." माझ्या मुलीच्या बारशाला ती घडी नेमकी माझ्या वडिलांनी उलगडली आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एका लग्नाच्या पंगतीत तर मामांनी वाढप्याला थांबवून नसबंदीनंतर सायकल चालवता येते हे इतकं सविस्तर समजावलं, की आमच्या ओळीला वरण थंडच मिळालं.

त्यांचं दुसरं वेड पक्षाचं. आधी सरकारी नोकरी सांभाळून गुपचूप, मग उघडपणे, अशी तीस वर्षं सभांच्या सतरंज्या उचलल्या, इच्छा एकच, एकदा नगरसेवक व्हावं. गेल्या निवडणुकीत योग जुळून आला. बाकीचे इच्छुक तिसऱ्या अपत्यामुळे कायद्यानेच बाद झाले होते आणि मामांना एकच मुलगी. "संयमाचं फळ," असं म्हणत त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

त्याच आठवड्यात बाहेरगावचे एक नेते शहरातल्या जरीपटका भागातल्या सभेत सांगून गेले, की घरटी किमान तीन मुलं हवीत, संख्या हीच ताकद. पक्षाने लगेच तशी पत्रकं छापली. मामा शिस्तीचे, निघाले वाटायला. वाटेत एक बारसं लागलं आणि हाताच्या सवयीने पत्रक गेलं झबल्याच्या घडीत, पाकिटाशेजारी. संध्याकाळपर्यंत त्या दोघांचा जोडीने काढलेला फोटो शहरातल्या प्रत्येक फोनवर होता.

शहराध्यक्ष घरी आले तेव्हा मीही तिथे बसलो होतो. ते म्हणाले, "विरोधकांनी टाकलं म्हणा, तिकीट पक्कं." मामा गळ्यातल्या पक्षाच्या दुपट्ट्याच्या टोकाशी चाळा करू लागले. मला वाटलं, म्हणतील. तीस वर्षांचा प्रश्न होता.

"पाकीट मायंच आहे गा," ते म्हणाले. "खोटं काहून बोलू? माही माय सातव्या बाळंतपणात गेली. तवा ताकद मोजाले कोणी आलं नोतं."

तिकीट दुसऱ्याला गेलं आणि पक्ष वॉर्डात सपाटून आपटला. खापर अर्थातच मामांवर फुटलं. माझी बायको म्हणाली, "मामाजीचं काय त्यात? तीन पोरांचे डबे कोण भरन, हे बायायनं त्या साहेबाले बटन दाबून इचारलं."

मामांना मात्र ते पटलं नाही. गेल्या महिन्यात माझ्या नातीचं बारसं झालं. मामा आले, झबलं ठेवलं, घडी रिकामी होती. "मायाच्यानं पक्षाचं लय नुकसान झालं बापू," एवढंच पुटपुटले आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. माझ्या मुलीने झबलं उलगडून पाहिलं, पुन्हा एकदा झटकलं आणि भरल्या घरात मोठ्याने विचारलं, "आबाजी, आमचं पाकीट कुठं आहे?"

मामांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. त्यांनी ते आणलेलं होतं.